शब्दचर्चा: ‘मातृवंशीय जीनोम’ म्हणावं का?

प्रश्न: मृदुकाय (गोगलगायी, शिंपले वगैरे) प्राण्यांच्या उत्क्रांतीवरचा लेख मराठीत आणतोय. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या) जीनोमला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या डीएनएला, ‘मातृवंशीय जीनोम’ म्हटलं तर? तो आईकडूनच येतो ना? शिवाय ‘जनुकक्रम’ हा शब्द दोन अर्थांनी येऊन घोळ होतोय.

उत्तर: माणसाबद्दल असतं तर खपून गेलं असतं. इथे नको. मायटिलस (समुद्रातले एक प्रकारचे शिंपले) आणि गोड्या पाण्यातले अनेक शिंपले यांच्यात आईचा आणि बापाचा असे दोन वेगळे मायटोकॉन्ड्रियल जीनोम चालत येतात. मादीत आईचाच असतो. नराच्या शरीरात बहुतेक ठिकाणी आईचा, पण शुक्राणूंत बापाचा, आणि तोच पुढे मुलग्यांकडे जातो. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत तर या दोन वाटा इतक्या जुन्या काळी फुटल्या, की एका जातीच्या नराचा शुक्राणूंतला जीनोम त्याच जातीच्या मादीच्या जीनोमपेक्षा दुसऱ्या जातीच्या नराच्या शुक्राणूंतल्या जीनोमशी जास्त जुळतो. म्हणजे नमुना पायाच्या स्नायूतून घेतला की वृषणातून, यावर नात्यांचा तक्ता बदलू शकतो! अशा प्राण्याच्या लेखात ‘मातृवंशीय’ लिहिणं म्हणजे वाचकाची फसवणूकच. ‘तंतुकणिकेचा जीनोम’ किंवा सरळ ‘मायटोकॉन्ड्रियल जीनोम’ लिहा.

दुसरं उत्तर: वरच्याशी सहमत. ‘जनुकक्रम’ मात्र मी एकाच अर्थाने राखून ठेवतो: कोणतं जनुक कोणाच्या शेजारी, हा. ए, टी, जी, सी या अक्षरांच्या ओळीला ‘डीएनए-क्रम’ म्हणावं. मृदुकायांत हा भेद टाळताच येत नाही. प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियल जीनोममध्ये साधारणपणे 37 जनुकं असतात: 13 प्रथिनांची, 22 टीआरएनएची, 2 आरआरएनएची (हे दोन्ही प्रथिनं बनवायला लागणारे आरएनए). कायटॉनमध्ये (पाठीवर आठ कवचपट्ट्या असलेले मृदुकाय) त्यांची मांडणी बरीचशी जुन्या वळणाची आहे, शिंपले आणि कित्येक गोगलगायींत पार उलटापालट झालेली. दोन गटांत तीच विचित्र मांडणी सापडली तर ते नात्याचा चांगला पुरावा ठरू शकतं, पण जनुकं फारच भराभर हललेली असली तर त्यावर भिस्त ठेवू नये.

प्रश्नकर्ता: आणि ‘वंशवृक्ष’?

उत्तर: चालेल, पण ‘मायटोकॉन्ड्रियाचा वंशवृक्ष’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘मृदुकायांचा वंशवृक्ष’ नको. वेगाने बदललेले वंश नातं नसतानाही अशा वृक्षात एकत्र ओढले जातात. मोठ्या गटांची नाती 2011 पासून पेशीच्या केंद्रकातल्या शेकडो जनुकांवरून जास्त नीट लागू लागली, आणि कायटॉन व कृमीसारखे बिनकवची मृदुकाय एका शाखेत आले.