दाढी केली की दुसऱ्या दिवशी गळाभर पुळ्या, काय करू? (मदत हवी आहे)

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन आलोय.

वय २७. दाढीचे केस राठ आणि डोक्यावरच्यासारखेच कुरळे. दाढी केली त्या दिवशी चेहरा झकास दिसतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून जबड्याखाली आणि कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना लाल पुळ्या उठतात. खाज सुटते, काहींच्या टोकाला पू दिसतो. बऱ्या झाल्या की काळे डाग मागे ठेवून जातात. परवा भिंग घेऊन आरशात पाहिलं, तर एका पुळीत केस गोल गुंडाळून कातडीखाली बसलेला दिसला.

आतापर्यंतचे उद्योग: पाच पात्यांचा रेझर घेतला (महाग म्हणजे चांगला, हे आमचं तर्कशास्त्र). गळा ताणून उलटा हात मारला, म्हणजे खुंट राहू नयेत. वर झणझणीत आफ्टरशेव्ह. सापडतील ते केस चिमट्याने उपटले. दर वेळी आधीपेक्षा वाईट अवस्था.

नोकरीत दाढी ठेवायला मनाई आहे, त्यामुळे 'दाढी वाढवा' हा सल्ला कृपया देऊ नका.

--------
अटकमटक:
तुरटी फिरवा. दोन दिवसांत गायब.

--------
कुरळ्या गोत्रातला:
अटकमटक, तुरटीने कापलेल्या जागेचं रक्त थांबतं हे खरं, पण कातडीखाली गुंडाळलेल्या केसाला ती काय करणार? आधीच सोललेल्या गळ्यावर आग तेवढी होईल.

धागाकर्ते, केस गुंडाळलेला दिसला म्हणालात तिथेच बरंचसं निदान झालं. डॉक्टर याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. स्यूडो म्हणजे खोटा, म्हणजे हे खोटं केसतूड. खरं केसतूड होतं ते केसाच्या मुळाशी जंतू शिरल्यामुळे. इथे मूळ भानगड जंतूंची नाही. तुमचाच केस तुमच्याच कातडीत काट्यासारखा घुसतो आणि शरीर त्याला परका समजून भांडायला उठतं.

घुसायच्या वाटा दोन. कुरळा केस बाहेर येऊन वळतो आणि शेजारच्या कातडीत टोक खुपसतो, ही पहिली. दुसरी वाट आपण स्वतः करून देतो. कातडी ताणून उलट्या हाताने कापलं की हात सोडल्यावर खुंट कातडीच्या पातळीखाली जातो, आणि पुन्हा वाढताना आपल्या छिद्राच्या तोंडातून बाहेर न पडता आतल्या आतच भिंत फोडतो. तुमचा पाच पात्यांचा रेझर हेच काम जास्त इमानदारीने करतो: पुढचं पातं केस वर ओढतं, मागचं तो खालून छाटतं. म्हणजे गुळगुळीतपणा जितका जास्त, तितक्या पुळ्या जास्त. हे मला पटायला चार वर्षं लागली, कारण पुळ्या आल्या की मी आणखी चांगला रेझर शोधायचो.

चिमटा तर आजच लपवून ठेवा. उपटलेल्या जागी नवा केस खोलातून येतो आणि वाटेतच घुसतो. वर वेटोळं स्पष्ट दिसत असेल तर निर्जंतुक सुईने त्याचं टोक अलगद मोकळं करायचं, उपटायचं नाही. दिसत नसेल तर खणत बसू नका.

आता नको असलेला सल्ला देतो, माफ करा. सुमारे चार आठवडे रेझर पूर्ण बंद. पहिल्या आठवड्यात पुळ्या वाढल्यासारख्या वाटतील, कारण आत असलेले केस वाढतच असतात. पुढे केस लांब झाले की बरेचसे आपोआप सुटून बाहेर येतात. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून नोकरीत सवलत मिळते का विचारा. हा मान्य असलेला आजार आहे, लाड नाहीत.

--------
धागाकर्ता:
बापरे, म्हणजे मी पैसे देऊन पुळ्या विकत घेत होतो! चिठ्ठीचं बघतो. पण नाहीच मिळाली सवलत तर? आणि एका ओळखीच्याने 'एकदम गुण येतो' म्हणून एक मलम दिलंय. लावू का?

--------
रातराणी:
मलमावर काय छापलंय ते आधी वाचा. अशा 'एकदम गुण' मलमांत बरेचदा कडक स्टेरॉइड असतं. लाली झटपट जाते, म्हणून माणूस लावत सुटतो. मग कातडी पातळ होते, आणि मुळात नायटा असेल तर तो दबून आत पसरतो. दाढीतही नायटा होतो, बरं का. गोल चट्टा, खपली, केस सहज निघून हातात येणं असं काही असेल तर घरगुती प्रयोग बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पुळ्या दुखऱ्या, गरम, पसरत्या असतील किंवा जागी कडक गाठी राहत असतील तरी तेच.

बायकांनाही हे होतं, पायांवर आणि जांघेत. तिथले केस काढताना मीही तुमच्याइतकीच हुशारी केली होती. मला डॉक्टरांनी शेवटी लेझर सुचवलं. सावळ्या त्वचेला सगळे लेझर चालत नाहीत, कातडीतला रंगच तापून भाजू शकतं. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग नावाचं लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. अनेक बैठका लागतात, पण केसच विरळ झाला की भांडण कुणाशी करणार?

--------
कुरळ्या गोत्रातला:
सवलत नाही मिळाली तर ट्रिमर. साधारण १ मिलिमीटर खुंट ठेवायचा, कातडीला घासून दाबायचं नाही. रेझरच हवा असेल तर एका पात्याचा, आंघोळीनंतर केस मऊ असताना, भरपूर फेस, सुलट हात, कातडी न ताणता, आणि एका जागी एकदाच. गळ्यावर केसांची दिशा जागोजागी बदलते, ती बोट फिरवून आधी ओळखून घ्या.

रात्री अ‍ॅडापॅलीन (मुरमांवर लावायचं औषध) माझ्या कामी आलं, पण पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, हेही मुरमांवरचंच, जंतू मारणारं. दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नका, डॉक्टरांना विचारूनच घ्या. डागांसाठी सनस्क्रीन लावा, डाग जायला महिने लागतात. आणि बेन्झॉइल लावलात तर पांढरा टॉवेल वापरा, रंगीत कापडाचा रंग उडतो.

--------
धागाकर्ता (सहा आठवड्यांनी):
चिठ्ठी मिळाली, चार आठवड्यांची सवलतही मिळाली. पहिला आठवडा भयंकर गेला, कुरळेबुवांनी आधी सांगितलं नसतं तर मी पाचव्या दिवशी रेझर उचलला असता. आता ट्रिमरवर आहे. गळ्यावर दोन पुळ्या आहेत, पूर्वी मोजायचं सोडून दिलं होतं. डाग आहेत तसेच आहेत. साहेब म्हणाले दाढी नीट झालेली दिसत नाही, त्यांना चिठ्ठी पुन्हा दाखवली.

मलम वाचलं. रातराणी, तुमचा अंदाज बरोबर निघाला, टाकून दिलं.

टॉवेलचं मात्र ऐकलं नाही. घरातल्या निळ्या टॉवेलवर माझ्या जबड्याचा नकाशा उमटलाय आणि तो टॉवेल माझा नव्हता.