आफ्रिकेत काजू फोडायच्या मशीनचं पेटंट, एकाच अर्जात होतं का?

वाळपईचा_फिटर
नमस्कार मंडळी. फोंड्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. काजू बी फोडायचं हाताने चालणारं मशीन केलंय, बी लहान-मोठी आली की पात्यांतलं अंतर आपोआप कमीजास्त होतं, त्यामुळे गर अख्खा निघतो आणि टरफलातलं तेल हातावर उडत नाही. आईची बोटं त्या तेलाने सोलवटलेली बघतच मोठा झालो, म्हणून हा सगळा खटाटोप. मडगावचा एक व्यापारी आफ्रिकेतून कच्ची बी आणतो, तो म्हणतो टांझानिया, मोझांबिक आणि आयव्हरी कोस्टला हे नक्की खपेल. भीती कॉपीची आहे. आफ्रिकेच्या सगळ्या देशांचं मिळून एकच पेटंट ऑफिस आहे असं ऐकलं, खरं का? इथे मुंबईला पण अजून अर्ज केलेला नाही.

डिचोलीची_वकीलबाई
भाऊ, एक नाही, दोन आहेत, आणि तुमचे तीन देश नेमके दोन्हीकडे वाटले गेलेत. टांझानिया, मोझांबिक आरिपो या संघटनेत, तिचं ऑफिस झिंबाब्वेत हरारेला, १९७६ च्या लुसाका करारातून झाली, मुख्यतः इंग्रजीवाल्या देशांची. आयव्हरी कोस्ट ओआपी या दुसऱ्या संघटनेत, ऑफिस कॅमेरूनला याउंदेत, १९७७ चा बांगी करार, १७ देश, बहुतेक फ्रेंचवाले. जगात सगळ्यात जास्त कच्ची बी आयव्हरी कोस्टला पिकते, म्हणजे ओआपी तुम्हाला सोडून चालायचं नाही. आणि नायजेरिया, दक्षिण आफ्रिका दोन्हीत नाहीत, तिथे वेगळा अर्ज.
दोघींची पद्धत पण वेगळी. आरिपोत कुठले देश पाहिजेत ते तुम्ही निवडता, हरारेत तपासणी होते, मग त्या देशांना ६ महिने मिळतात, त्यात कोणी नाही म्हटलं तर तिथे ते पेटंट चालत नाही. ओआपीत निवडानिवड नाही, एक पेटंट मिळालं की सतराही देशांत लागू.

दार_एस_सलाम_रिटर्न
वकीलबाईंनी बरोबर सांगितलं, पण ओआपीतली एक जोखीम लक्षात ठेवा, तिथे पेटंट वैध की अवैध यावर एका देशातल्या कोर्टाचा निकाल साधारणपणे बाकीच्या देशांतही लागू होतो, म्हणजे मिळालं तर सगळीकडे आणि गेलं तरी सगळीकडे.
तरी मला ही कल्पना फार पटते. गिनी-बिसाऊ बघा, आपल्यासारखीच पोर्तुगीजांची जुनी वसाहत, परदेशी पैसा मुख्यतः काजूवरच येतो, एवढ्याशा देशाने मशीनचे, औषधांचे, बियाण्यांचे तपासनीस स्वतःच्या खर्चाने कसे पोसायचे? चार घरांनी मिळून एक पंप घ्यावा तसं आहे ते. दुःख एवढंच की घरं साहेबाच्या भाषेवरून वाटली गेली. अख्ख्या खंडाची एक संस्था करायची म्हणून आफ्रिकन युनियनने २०१६ ला घटना मंजूर केली, मुख्यालय ट्युनिसला ठरलं, २०२३ ला मुक्त व्यापार कराराचा बौद्धिक संपदेचा वेगळा जोडकरारही मंजूर झाला. पण तुम्हाला आज अर्ज करायचाय तर दोन दारं ठोठवावीच लागतील.

काणकोणची_मिरची
थोडं विषयांतर, पण राहवत नाही. आरिपोचा २०१० चा स्वाकोपमुंड करार आहे, पारंपरिक ज्ञान आणि लोककलेसाठी, एकच ज्ञान दोन-तीन देशांतल्या समाजांचं असलं तर त्याचीही सोय त्यात आहे. सान लोक बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिकेत विखुरलेले, भूक मारायला ते हुडिया नावाची निवडुंगासारखी वनस्पती चघळतात, त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने पेटंट घेतलं आणि सान लोकांबरोबर नफावाटणीचा करार झाला तो २००३ मध्ये, पेटंटनंतर कित्येक वर्षांनी. आपल्या फेणीला २००९ ला जीआय मिळालं, पण सीमा ओलांडून दोडामार्गला गेलं तर तिथल्या बायाही काजूच्या बोंडूंचं सगळं जाणतात, त्यांचं काय? आपल्याकडे असं सामाईक काही व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

वाळपईचा_फिटर
सगळ्यांचे आभार. वकीलबाई, एक कबूल करतो, त्या व्यापाऱ्याला मशीन चालतानाचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. चुकलं का?

डिचोलीची_वकीलबाई
पुढे कोणाला पाठवला नसेल तर आजच त्याच्याकडून गुप्ततेचं लेखी घ्या, आणि यूट्यूबवर अजिबात टाकू नका, नावीन्य गेलं की पुढचं सगळं मुसळ केरात. माझ्या एका अशिलाचं असंच झालं, प्रदर्शनात मशीन लावलं, फोटो छापून आले, अर्ज नंतर. या आठवड्यात मुंबईला तात्पुरता अर्ज टाका, त्यानंतर ६ आठवडे थांबावं लागतं, त्याआधीच परदेशात अर्ज करायचा तर परवानगी काढावी लागते. मग १२ महिन्यांच्या आत पीसीटी, म्हणजे अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करा, त्याने मुंबईच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ओआपीला ३० आणि आरिपोला ३१ महिने मिळतात, तेवढ्यात मशीन खपतंय का ते कळेल आणि पैसे नाहक अडकणार नाहीत. पात्याचं ड्रॉइंग हाताने काढलेलं असलं तरी चालेल, घेऊन या.