मोहल्ला कमिटी म्हणजे नुसता चहा? (सडेतोड यांना उत्तर, जरा लांब आहे)

नेहरूनगरकर
परवाच्या शांतता कमिटीच्या धाग्यावर सडेतोड यांनी लिहिलं, "असल्या कमिट्या म्हणजे पोलीस ठाण्यातला कटिंग, दोन ग्लुकोज बिस्किटं आणि ग्रुप फोटो. दंगल व्हायची तर होतेच." तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण रात्रभर डोक्यात तेच घुमत राहिलं. म्हणून वेगळ्या धाग्याची जिलबी पाडतोय.

९३ च्या जानेवारीत, मुंबईच्या दंगलीत, मी अकरावीत होतो आणि दादरला मावशीकडे अडकलो होतो. समुद्रातून बोटी भरून हत्यारबंद लोक उतरणार, अशी आवई उठलेली. गच्चीत दगड, सोड्याच्या बाटल्या, जुन्या ट्यूबलाईटी. झुरळाला घाबरणारा माझा मावसभाऊ हॉकी स्टिक घेऊन पहाटेपर्यंत जागा. कोणी आलं नाही. पण त्या रात्री खालून एखादा पाववाला जरी सायकलवरून गेला असता, तर आम्ही सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी काय केलं असतं, हा विचार आजही नको वाटतो. माहीम तिथून चालत वीस मिनिटांवर. पण "काय रे, तुमच्याकडे खरंच काय चाललंय?" असं विचारायला गच्चीतल्या एकाचीही तिकडे ओळख नव्हती.

मुंबईत डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ या दोन महिन्यांत ९०० माणसं गेली, हा दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. आणि १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेली भिवंडी तेव्हा शांत राहिली. का? तर १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी (पोलीस उपायुक्त) म्हणून आले आणि त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या बसवल्या होत्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं, सोबत त्या भागातला पोलीस, आणि बैठका दंगल नसताना. नंतर मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांनी हेच उचललं. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी वस्ती-वस्तीत फिरली. हे सगळं बिस्किटात बुडवून मोकळे झालात?

सडेतोड
लेख छान, निबंध स्पर्धेला पाठवा. २००६ का गाळलंत? त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून भडका उडाला, जमावाने दोन पोलीस मारले. तेव्हा कमिटी कुठल्या टपरीवर बसली होती?

माजी_खाकी
पोलिसात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची सहा गोपनीय शाखेत, म्हणून बोलतो. दोघेही अर्धे बरोबर. कमिटीत माणसं कोण घेता यावर सगळं आहे. साहेब बदलला की यादी तीच राहते, फक्त जीव जातो. आमच्या ठाण्यात (नाव सांगणार नाही) यादीत मंडळाचे अध्यक्ष, एक ट्रस्टी, एक बिल्डर, दोन माजी नगरसेवक. एकदा बैठकीत वारलेल्या सदस्याचं नाव पुकारलं आणि मागून कोणीतरी "हजर" म्हणालं. रजिस्टरला सही पण झाली!

पण उलटंही पाहिलंय. विसर्जनाच्या मिरवणुकीत मशिदीसमोर ढोल थांबेना, तेव्हा आमचा अख्खा बंदोबस्त बघत उभा होता आणि एका केळीवाल्या मावशीने ताशेवाल्या पोराचा कान धरला. "तुझ्या आयशीक सांगू काय?" बस. ती कुठल्याच यादीत नव्हती.

शिकागोचा_सदू
इथे शिकागोत २००० साली गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने असंच काम सुरू केलं. त्याचं म्हणणं, हिंसा साथीसारखी पसरते. एक गोळीबार झाला की बदल्याचा दुसरा होणार, म्हणून मधेच गाठायचं. गाठणारी माणसं कोण, तर पूर्वी स्वतः टोळीत असलेली, शिक्षा भोगून आलेली. कारण पोरं त्यांचंच ऐकतात. आपल्याकडे का नाही करत?

सडेतोड
आले परदेशस्थ. आता आम्ही माजी भाईंना कमिटीत घ्यायचं? ते आधीच आहेत हो, नगरसेवक म्हणून.

डिलाईल_रोड
सदूभाऊंची टिंगल नका करू. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी नववीत. बाबा गिरणीत बदली कामगार. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावरचा एक मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कॅरमचा चॅम्पियन. वर्षभर घरात पगार नाही. मग त्याच्याकडे अचानक नवे बूट आले. कोणीच विचारलं नाही कुठून आले, कारण सगळ्यांना माहीत होतं. ८९ साली जीव गेला त्याचा. त्याच्याच टोळीतला एकजण सुटून आला आणि व्यायामशाळा चालवायला लागला, त्याने आमच्या पिढीतले निदान पाच-सहाजण वाचवले. पोलीस किंवा प्राध्यापक येऊन सांगते तर आम्ही हसलो असतो. ते पत्र्याच्या शेडमधले डंबेल्स आणि त्याची शिवी, तेवढंच.
आता तिथे टॉवर आहे. व्यायामशाळेच्या जागी जिम, मेंबरशिप फक्त रहिवाशांना.

अंडरआर्म_किंग
+१. मूळ मुद्दा हाच. मोहल्ला कमिटीवाले पोरांच्या आणि पोलिसांच्या क्रिकेट मॅचेस घ्यायचे ना? आता घ्या बघू. कुठे घेणार? आमच्याकडे टर्फचा (भाड्याच्या नकली गवताच्या मैदानाचा) तासाला दीड हजार दर आहे. बारा पोरांनी सव्वाशे-सव्वाशे काढायचे? पैसे नाहीत ती पोरं कुठे बसतात ते बघा आणि मग 'युवकांना जोडून घ्या' म्हणा.

चेअरमन_बी_विंग
टर्फ परवडत नाही म्हणून सोसायटीच्या आवारात धुडगूस? मागच्या मे महिन्यात इनोव्हाची पुढची काच फुटली. आठ हजार. कोणी दिले? बॉल जप्त केला तर दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर खडूने नाव लिहिलं. नाव इथे लिहिण्यासारखं नाही.

अंडरआर्म_किंग
आवार कोणाचं? मंजूर नकाशात तिथे 'खेळाची मोकळी जागा' लिहिलेलं असतं बहुतेक ठिकाणी. तुम्ही पट्टे मारून पार्किंग केलंत.

चेअरमन_बी_विंग
आमचा नकाशा पाहिलाय का तुम्ही? न बघता आरोप. गाड्या काय डोक्यावर ठेवू?

अंडरआर्म_किंग
दुसरी गाडी विकत घेताना विचारायचं होतं डोक्याला.

नेहरूनगरकर
अहो, धागा दंगलीचा आहे, पार्किंगचा नाही.

अंडरआर्म_किंग
आहे, पार्किंगचाच आहे. तुमची कमिटी महिन्यातून एकदा भरते. पोरं रोज संध्याकाळी पाच ते नऊ मोकळी असतात. त्या चार तासांत त्यांना कोण जागा देतं? मंडळ देतं. पक्षाची शाखा देते. दहीहंडीचा आयोजक टी-शर्ट देतो, नाश्ता देतो, विमा काढतो. उद्या तोच म्हणाला की अमुक ठिकाणी दगड घेऊन जा, तर कोणाचं ऐकणार, तुमचं?

सडेतोड
मंडळांना मध्ये ओढू नका. ज्यांना सगळ्याचं खापर आपल्याच सणांवर फोडायचंय त्यांनी स्पष्ट सांगावं. २०१२ ची आझाद मैदानातली दंगल कोणी केली ते पण लिहा की. तेव्हा पेन मोडतं तुम्हा पुरोगाम्यांचं.

अंडरआर्म_किंग
मी स्वतः सहाव्या थरावर चढलोय, काका. तुम्ही टीव्हीवर बघितली असेल हंडी.

संपादक मंडळ
वैयक्तिक शेरे नकोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषयाला धरून लिहा.

पोह्यातली_मिरची
विषयाला धरूनच लिहिते. इतके प्रतिसाद झाले, 'युवक' म्हणजे अजून फक्त क्रिकेट खेळणारे मुलगेच. आणि 'हिंसा' म्हणजे रस्त्यावरची. मी धारावीत काही वर्षं काम केलंय. तिथे बायका-मुलांसाठी काम करणाऱ्या 'स्नेहा'सारख्या संस्थांसोबत वस्तीतल्याच बायका घरोघर फिरतात, कुठल्या घरात मारहाण चाललीय हे त्यांना भिंतीपलीकडून कळतं. ज्या घरात बाप आईला रोज मारतो, त्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगा नाक्यावर काय करायला येतो असं वाटतं तुम्हाला? बॅटिंग?

आमच्या गटात एक मुलगी होती, बारावीतली. शेजारच्या घरात आरडाओरडा सुरू झाला की ती जाऊन दार वाजवायची आणि साखर मागायची. दर वेळी साखर. नवऱ्याला कळायचं, पण भांडता यायचं नाही. तिला कोणी टी-शर्ट दिला नाही.

डिलाईल_रोड
साखर! आमच्या चाळीत आई हेच करायची. ती दूध मागायची. मला आत्ता कळतंय ती का जायची.

माजी_खाकी
मिरचीताई, पटलं. फक्त त्या बायकांना ठाण्यात आल्यावर बाकावर तीन तास बसवून ठेवणारे आमच्यातच होते, हेही लिहून ठेवतो.

सडेतोड
साखरेवालं मान्य. त्यात कमिटी नाही, फोटो नाही, म्हणूनच चाललं. हे माझंच म्हणणं झालं की!

नेहरूनगरकर, २००६ चं उत्तर अजून आलेलं नाही.

नेहरूनगरकर
देतो. खोपडे गेल्यावर बैठका पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत, असं मला वाटतं, आणि माजी_खाकींची यादी वाचून जास्तच वाटायला लागलंय. म्हणजे २००६ ला कमिटी हरली म्हणायला ती आधी जिवंत असायला हवी होती. पण हे वाक्य पळवाटीसारखं वाटतंय हे मलाही कळतं. शिवाय ९३ ला भिवंडी फक्त कमिटीमुळे वाचली, की तिला खोपड्यांसारखा अधिकारी लाभला होता म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. झालं समाधान?

सडेतोड
अर्धं. कटिंगपुरतं.

चेअरमन_बी_विंग
सगळं वाचलं. मिटिंगमध्ये विषय घेतो. रविवारी सकाळी ७ ते ९, टेनिस बॉल, सीझन बॉल अजिबात नाही, मुलीही खेळतील. पण इनोव्हाच्या काचेचे आठ हजार कोण देणार, हे आधी सांगा.