मदत हवी आहे: ढीग ९ दिवसांत थंड, चाळलेल्या खतात रोपं पिवळी. चूक खतात की प्रयोगात?

हिरवळ (धागाकर्ता):
भाजीपाल्याच्या कचऱ्याचं कंपोस्ट मातीत मिसळल्यावर रोपांची वाढ आणि मातीची धूप यांत काय फरक पडतो, असा छोटा अभ्यास चालू आहे. आकडे असे:

ढीग: ताजा भाजीकचरा ३० किलो, वाळलेली पानं १० किलो. पेटी ६० सेंमी लांब, रुंद आणि उंच. तिसऱ्या दिवशी मध्यभागी ५२ अंश, नवव्या दिवशी ३४. पाचव्या दिवसापासून आंबूस वास. सहाव्या दिवशी सामू (pH) ५.४. ढीग एकदाच पलटला, १२व्या दिवशी.

खत: ४०व्या दिवशी चाळलं. रंग गडद. तपासणीत कर्ब:नत्र (नत्राच्या किती पट कर्ब) २४, ओलावा ५० टक्के.

कुंड्या: प्रत्येकी ५ किलो माती आणि ५०० ग्रॅम खत, अशा १२. नुसत्या मातीच्या १२. सगळ्यांना रोज सारखंच पाणी. खताच्या कुंड्यांत बाराव्या दिवसापासून खालची पानं पिवळी, वाढ खुंटलेली. नुसत्या मातीतली रोपं त्यांच्यापेक्षा बरी.

ढीग थंड का पडला? पिवळेपणा खतामुळेच आहे हे सिद्ध कसं करायचं? आणि धुपीची चाचणी याच खतावर घ्यावी का?

कुजवट:
आधी मिश्रणाचं गणित. ताज्या भाजीकचऱ्यात पाणी साधारण ८५ टक्के असतं, म्हणजे ३० किलोत कोरडा भाग फक्त ४.५ किलो. पानांत १५ टक्के पाणी धरलं तर १० किलोत कोरडा भाग ८.५ किलो. एकूण ४० किलोत २७ किलो पाणी, म्हणजे ओलावा ६७ टक्क्यांच्या वर. ढिगाला ५० ते ६० टक्के ओलावा लागतो. कर्ब:नत्र काढलं (कोरड्या वजनात: कचऱ्यात ४५ टक्के कर्ब, २.५ टक्के नत्र. पानांत ४८ आणि ०.८) तर ३४ च्या आसपास येतं. ढिगाला योग्य अशा २५ ते ३० च्या थोडं वर, पण पानांतला बराच कर्ब लिग्निनमध्ये (झाडाला कडकपणा देणारा, हळू कुजणारा घटक) अडकलेला असतो आणि जीवाणूंना लवकर मिळत नाही. त्यामुळे एवढ्याने ढीग थंड पडत नाही. तुमचा ढीग पाण्याने गुदमरला आहे. आंबूस वास आणि खाली राहिलेला सामू तेच सांगतात: हवा संपली की सेंद्रिय आम्लं साचतात. सुरुवातीला सामू उतरतोच, पण हवा खेळती असेल तर काही दिवसांत ७ च्या वर जातो.

पाणी जास्त आहे म्हणून पानं वाढवावीत, हा पहिला विचार इथे फसतो. पानं १५ किलो केली तर ओलावा ६२ वर येतो, पण कर्ब:नत्र ३८ वर चढतं. त्याऐवजी कचरा पातळ पसरून सुकवा. ३० किलोचा १८ किलो झाला की त्यातला ओलावा ७५ टक्के. त्यात तीच १० किलो पानं घातली की मिश्रणाचा ओलावा ५४ टक्क्यांच्या आसपास, आणि कर्ब:नत्र जसंच्या तसं, कारण फक्त पाणी गेलं. सुकवायला जागा नसेल तर २-३ सेंमीचे लाकडाचे तुकडे घाला, तीन भाग मिश्रणाला एक भाग, मापाने (वजनाने नाही). ते हवेला वाट देतात, फार थोडे कुजतात, चाळणीवर परत मिळतात.

पेटीही लहान आहे. १ मीटर लांब, रुंद, उंच याहून लहान ढीग कडांनी उष्णता गमावतो. मोठा करणं शक्य नसेल तर चारही बाजूंना पेंढ्याचा जाड थर द्या.

पलटणं तारखेने ठरवू नका, तापमानाने ठरवा. मध्यभाग ६५ च्या वर गेला किंवा उतरायला लागला की पलटा. पलटल्यावर तापमान परत चढलं तर हवा कमी होती. चढलं नाही तर मूठ दाबून पाहा: बोटांतून पाणी टपकलं तर ओला, मूठ उघडताच भुगा झाला तर कोरडा. मूठ नीट बसते, वास मातीचा आहे आणि तरी चढत नाही, तेव्हाच पहिला, तापण्याचा टप्पा संपला समजा.

मृद्गंध:
माझी शंका खताच्या मात्रेवर आहे. हेक्टरी १५ सेंमी खोलीची माती, घनता १.३ धरली तर सुमारे १९५० टन भरते. म्हणजे हेक्टरी २० टन कोरडं खत म्हणजे किलोभर मातीला जवळपास १० ग्रॅम. तुमच्या ५०० ग्रॅम ओल्या खतात कोरडं २५० ग्रॅम, ५ किलोला, म्हणजे किलोला ५० ग्रॅम. हेक्टरी १०० टनांच्या घरात! त्यात ते अर्धवट कुजलेलं. २० टनांच्या हिशोबाने कुंडीला १०० ग्रॅम ओलं खत पुरे.

कर्ब:नत्र २४ वर फार विसंबू नका. कर्ब मोजायची, मातीसाठीची वॉकली-ब्लॅक पद्धत खतावर वापरली असेल तर कर्ब कमी दिसतो आणि गुणोत्तर खोटं चांगलं येतं. खतासाठी ५५० अंशांवर जाळून वजनातली घट मोजा, १.७२४ ने भागा, म्हणजे कर्ब मिळतो. नत्र मोजायची साधी केल्डाल पद्धत नायट्रेट मोजत नाही, तेही लक्षात असू द्या.

पिवळेपणाचं कारण शोधायची सोपी चाचणी: खताच्या २ आणि नुसत्या मातीच्या २ कुंड्यांना किलोला ५० मिग्रॅ नत्र द्या. ५ किलोला युरिया ०.५४ ग्रॅम, पाण्यात विरघळवून. आठवडाभरात खताची रोपं हिरवी झाली तर जीवाणूंनी नत्र अडकवलं होतं. खालची पानं आधी पिवळी पडली यावरून तसंच वाटतं, कारण टंचाईत रोप जुन्या पानांतलं नत्र नव्याकडे हलवतं. फरक पडला नाही तर आम्लं किंवा क्षार. पानांच्या कडा करपल्या असतील तर विद्युत वाहकता (तिच्यावरून क्षार कळतात) आधी मोजा.

शिवाय रोज सारखं पाणी नको. खताची माती पाणी जास्त धरते आणि मुळं बुडतात. कुंडी वजन करून ठरलेल्या वजनाला पाणी द्या.

बीजांकुर:
खत पक्व आहे का हे रंगावरून ठरत नाही. दोन चाचण्या कराच.

उगवण निर्देशांक: खत आणि शुद्ध पाणी १:१०, एक तास हलवून गाळा. पेट्री डिशमध्ये गाळणकागद, ५ मिली अर्क, अळिवाचे १० दाणे, २५ अंश, अंधार, ४८ तास. शेजारी शुद्ध पाण्याची डिश. दोन्हींच्या किमान ५-५ डिश. उगवण टक्के × मुळांची लांबी टक्के ÷ १००, दोन्ही टक्के पाण्याच्या तुलनेत. उदाहरणार्थ ८५ × ६२ ÷ १०० = ५३. ८० च्या वर असेल तर वापरा, ५० च्या खाली खत रोपाला मारक. उगवण ठीक पण मुळं आखूड, असं बऱ्याचदा दिसतं. म्हणून नुसते कोंब मोजून थांबू नका.

श्वसन (खतातले जीवाणू किती कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे खत अजून किती कुजतंय): हवाबंद बरणीत ओलं खत आणि तो वायू शोषायला सोडियम हायड्रॉक्साइडची वाटी, शेजारी खताविना एक बरणी. २४ तासांनी बेरियम क्लोराइड घालून उरलेला अल्कली टायट्रेशनने मोजा. १ नॉर्मल द्रावणाचा प्रत्येक खर्च झालेला मिली म्हणजे ६ मिग्रॅ कर्ब.

हिरवळ:
मूठ दाबली, पाणी टपकलं. आता दोन प्रश्न. हेच खत फेकून द्यावं का? आणि १२ कुंड्या म्हणजे १२ पुनरावृत्त्या ना?

कुजवट:
फेकू नका. सुकवून, लाकडाचे तुकडे मिसळून पुन्हा रचा. तापलं तर तापू द्या, मग आणखी ६-८ आठवडे मुरवा. नव्या ढिगाला तेच विरजण होईल.

मृद्गंध:
नाही, त्या १२ पुनरावृत्त्या नव्हेत. ढीग एकच, त्यामुळे कुंड्या १२ असल्या तरी निष्कर्ष त्या एका ढिगापुरता. "भाजीकचऱ्याचं कंपोस्ट" असं म्हणायचं असेल तर किमान ३-४ स्वतंत्र ढीग हवेत, प्रत्येकाच्या ३-४ कुंड्या. तुलनेला नुसती माती पुरत नाही. खताइतकंच नत्र रासायनिक खतातून दिलेल्या कुंड्या हव्यात, नाहीतर फरक नत्राचा की सेंद्रिय भागाचा ते कळणार नाही. कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा.

धूप: या खतावर आता नको, पक्व झाल्यावर घ्या. १ मी × ०.५ मी ट्रे, १० सेंमी माती, तळाला भोकं, ५ अंश उतार. तीन प्रकार: उघडी माती, खत मिसळलेली, आणि वर २.५ सेंमी भरड खताचा थर. चाळलेलं बारीक खत वर टाकलं तर तेच आधी वाहून जातं. सगळे ट्रे आधी सारखे भिजवा, मग अर्धा तास फवारा. वाहून आलेलं पाणी ढवळून १ लिटर घ्या, १०५ अंशांवर वाळवा, वजन करा. मग ५५० ला जाळा, म्हणजे माती किती वाहिली आणि खत किती ते वेगळं कळतं. चिकणमाती जळताना स्वतःचंही पाणी सोडते, म्हणून उघड्या मातीची घट वजा करा. आणि हातफवाऱ्याचे थेंब पावसाइतक्या जोराने आदळत नाहीत; मोठा थेंब पूर्ण वेग घ्यायला ८-९ मीटर उंची लागते. म्हणून आकडे फक्त ट्रे-ट्रेंच्या तुलनेला वापरा, शेतातली धूप म्हणून देऊ नका.