लाखाच्या आतली जुनी गाडी : सातारा-सांगलीकरांनो, लिहा

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

अट एवढीच, की गाडी दुसऱ्याच्या हातून आलेली हवी आणि तिला मोजलेले पैसे लाखाच्या आत हवेत. ‘नवी का घेत नाही?’ हा प्रश्न इथं कुणी विचारायचा नाही, तो घरी विचारला जातोच. व्हिंटेजवाल्यांनी माफ करावं. प्रदर्शनात पुसून ठेवलेली नको. मंडईला, शेतावर, लग्नाला जाणारी गाडी हवी.

सुरुवात मी करतो. माझी मारुती ८००, एमएच-११ पासिंग, गोडोलीतल्या एका निवृत्त मास्तरांची. सौदा पैशांवर अडलाच नाही. “गाडी सावलीत लागेल ना?” यावर अडला. गाडीबरोबर सरांनी एक वही दिली. कधी ऑइल बदललं, कोणता टायर कधी टाकला, सगळं तारखेसकट. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, ‘डावा मागचा दरवाजा उचलून लावणे.’ खरंच उचलूनच लागतो.

या गाडीला ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गियर, वजन साधारण ६५० किलो. यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गियरवर कुरकुर न करता चढते. पण खरं सुख आहे ते सुट्या भागांचं. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ ही गाडी बनत होती. त्यामुळे सामान कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं आणि तिच्यावर हात बसलेला फिटर त्याच्याही आधी मिळतो. राजवाड्यापाशी गर्दीत कुणाचं हँडल घासून गेलं तर मी काच खाली करून ‘लागलं का रे?’ असं त्यालाच विचारतो.

चला, लिहा.

बेदाणा_किंग (तासगाव)

ओम्नी. माझ्याआधी तिचे दोन मालक झाले, त्यातला एक मंडपवाला. आत अजून कुठंतरी झालरीच्या टिकल्या सापडतात. मागची सीट काढली की द्राक्षांचे क्रेट बसतात, सीट लावली की पाव्हणे बसतात. दोन्हीला एकच गाडी, अजून काय पाहिजे?

इंजिन पुढच्या सीटखाली. थंडीत पहाटे बागेत जाताना बुडाला मस्त ऊब मिळते. एप्रिल-मेमध्ये मात्र त्याच उबेला काय म्हणायचं ते इथं लिहिता येणार नाही. इंजिन ८००चंच, म्हणून धागाकर्त्यांना मिळतं ते सगळं सामान आम्हालाही मिळतं. सीट उलटली की काम सुरू, बॉनेटमध्ये डोकं घालायची भानगड नाही. नवी पिकअप घ्यायला बँक कधीपासून मागं लागलीय. मी म्हणतो, हप्ता भरायला द्राक्षाला दर लागतो, ओम्नीला फक्त पेट्रोल लागतं.

फियाटवाले_आजोबा (वाई)

माझी प्रीमियर पद्मिनी लाखाच्या कितीतरी आत आली होती, तेव्हा लोक त्या भंगारात घालत होते. आज तीच गाडी मागायला मुंबई-पुण्याची तरुण पोरं येतात, म्हणून नियमात बसते की नाही ठाऊक नाही. पण ती व्हिंटेज नाही हो, तिच्यातून अजून दळण जातं.

१०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांडीवरचा गियर, पुढच्या दाराला तिकोनी काच. ती काच तिरकी केली की वारा थेट छातीवर येतो. एसीवाल्यांना हे सांगून कळायचं नाही.

आमच्या बाजूला गाडीची परीक्षा घेतो खंबाटकी. पुण्याहून येताना घाट चढायचा. जुना बोगदा आहे तो पुण्याकडे जाणाऱ्यांना. मे महिन्याच्या दुपारी चढावर, ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली की इंजिनच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पुढं पेट्रोल जात नाही, गाडी आचके देऊन बंद पडते. याला आम्ही वाफ धरणं म्हणतो. इलाज साधा. गाडी कडेला, बॉनेट वर, पाण्यात भिजवलेलं फडकं पेट्रोल पंपावर गुंडाळायचं. पंप इंजिनच्या अंगाला असतो, हाताला चटका बसतो, तेवढं जपायचं. फडकं सुकलं की पुन्हा भिजवायचं. तेवढ्यात एखादा मागून हॉर्न मारत जातो, एखादा थांबून “काका, टो करू का?” म्हणतो. त्याला सांगायचं, पुढं हो, मी आलोच. मग सेल्फ मारायचा.

दुसरी तिची आवड म्हणजे पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन धातूचे ठिपके. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, दोन पॉइंट जिथं टेकतात तिथं काजळी धरलेली असते, झिरो पेपर एकदा हलकेच फिरवायचा, फीलर गेजची पाती घालून फट जुळवायची. पाती अडकत-अडकत निघाली पाहिजे. सळकन निघाली तर फट जास्त. हे मी माझ्या नातीला शिकवलं. ती कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. म्हणाली, आजोबा, एवढ्यावर गाडी चालते? म्हटलं, एवढ्यावरच चालते बाई.

कुपवाड_एमआयडीसी

जुनी डिझेल गाडी. वळणावर आली की गल्लीला कळतं कोण आलं, बायको चहा टाकते. इतकंच.

झेडपी_मॅडम (मिरज)

आम्ही चौघी शिक्षिका कवठेमहांकाळच्या बाजूच्या शाळांत जातो. एसटीच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांचं कधी जमलं नाही. मग चौघींनी मिळून एक जुनी झेन घेतली. कागदोपत्री माझ्या नावावर, बाकी सगळं चौघींत.

चौघींच्याही घरी चांगली गाडी आहे बरं का! ती चालवायला मागितली की “अगं, रिव्हर्सला लागेल”, “क्लच जाळशील”, “आज राहू दे”. नवी गाडी घरात आल्यावर नवरे ज्या काळजीनं तिच्याकडे बघतात, ती काळजी आम्हाला बाळंतपणातही मिळाली नव्हती. झेनचं तसं नाही. प्रत्येकीनं तिला आपापला एक ओरखडा दिलाय आणि कोणता कुणाचा हे चौघींना पाठ आहे. डाव्या बंपरचा माझा.

या गाडीवर मी शिकले ते असं : क्लच कुठं धरतो हे पायाला कळलं पाहिजे, आरशात बघून नाही. पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे उभ्या गाडीचं चाक फिरवायचं नाही, किंचित हलवून मग फिरवायचं. आता नवऱ्याची मोठी गाडी मी एका हातानं लावते. तो बाजूच्या सीटवर पाय दाबून ब्रेक मारत असतो, मारू दे.

शनिवारी सकाळची शाळा असते. येताना दंडोबाच्या पायथ्याला थांबून भडंग खातो. यात गाडीचा काही संबंध नाही, पण लिहायचं होतं.

गावभाग_सांगली

मॅडम, भडंगाबद्दल आभार. मी जरा कडू विषय काढतो. सांगलीत जुनी गाडी घ्यायची तर आधी पुराचं बघायला लागतं. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ राहणाऱ्याला ही सालं विचारायला लागत नाहीत. पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून, सीट कव्हर नवी घालून बाजारात येतात. त्यातल्या काही चालतातही. पण वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी लगेच बोलत नाही, वर्षा-दोन वर्षांनी बोलतं.

मी असा बघतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत ओढायचा. गाडी धुणारा वरचा पट्टा धुतो, रिळाच्या आतला कुणी धुत नाही. मागच्या महिन्यात एका गाडीचा पट्टा असा ओढला तर हातभर स्वच्छ राखाडी आणि पुढं एकदम चॉकलेटी, मधे रेघ आखल्यागत. विकणारा म्हणाला, चहा सांडला असेल. मागं बसून सीट बेल्टच्या रिळात चहा सांडणारा माणूस मला बघायचाय. बाकी सीटच्या रुळांचा गंज, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, हेडलाइटच्या आतला गाळ. आणि खिशात चुंबक ठेवायचं. पत्र्याला चिकटतं, लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी चिकटत नाही.

एवढं करून जी गाडी मिळाली, ती २०२१च्या पाण्यात मी स्वतः वेळेत विश्रामबागला नेऊन लावली. शेजाऱ्याला आपली नवी गाडी कुठं ठेवावी हा घोर होता. माझीला कुणाच्याही दारात जागा मिळाली, कारण तिला कुणी हात लावणार नव्हतं.

सरळ_बोलतो (कराड)

मजा चाललीय, पण एक बोलतो. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक न होण्याची सोय) आणि ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना २०१९ साली सक्तीची झाली. तुमच्या या गाड्यांत दोन्ही नाही. हायवेवर मागून कंटेनर आला तर ६५० किलोचं काय होणार? आणि धूर? जुनं ते सोनं म्हणताना पोरांना मागं बसवून नेता, त्याचं काय?

अजिंक्यतारा_पायथा

मुद्दा बरोबर आहे, खोडत नाही. म्हणूनच माझी ८०० हायवेला जवळपास जात नाही. गाव, शेत, सज्जनगड, झालं. पुण्याला एसटीनं जातो. ब्रेक आणि टायर यांवर मात्र कंजुषी नाही. टायर बारा इंची आहेत, चारही बदलले तरी खिसा फाटत नाही. जुन्या गाडीचं सुख घ्यायचं तर तिला झेपेल तेवढंच मागावं. पीयूसी दर वेळी काढतो आणि पास होते.

वकील_साताऱ्याचे

सगळ्यांनी सामानाचं लिहिलं, कागदाचं कुणीच नाही. स्वस्त गाडीत लोक नाव बदलायचा कंटाळा करतात, ‘हजारांची तर गाडी, कशाला आरटीओच्या फेऱ्या’ म्हणून. असं करू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलंय, की नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला अशी विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. तेव्हा विकणाऱ्यानंच जास्त जागं राहावं. नाव बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर फक्त सही करून देऊन मोकळे होऊ नका, नाव उतरल्याचं डोळ्यांनी बघा. घेणाऱ्यानं बोजा, बाकी चलन आणि इन्शुरन्स ऑनलाइन तपासावं, आणि चॅसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघावा.

दुसरं. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पुढं दर पाच वर्षांनी. १ एप्रिल २०२२ पासून कारची फी ६०० वरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० केली. वर पर्यावरण कर. म्हणजे काही गाड्यांच्या बाबतीत कागद गाडीपेक्षा महाग पडायला लागलेत. सौदा करताना हा खर्च किमतीत धरा, मग लाखाच्या आत बसते का बघा.

फियाटवाले_आजोबा

वकीलसाहेब, माझी पुढच्या वर्षी आहे. आठवण करून दिलीत.

उसाचा_फड (वाळवा)

माझी कार्बोरेटरवाली आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ऊस आमचा, इथेनॉल आमच्या कारखान्यांचं आणि रबरी पाइप सुजले तेही आमच्याच गाडीचे! दर मिळतोय म्हणून तोंड उघडता येत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. फिटरनं पेट्रोलच्या सगळ्या पाइप नव्या जातीच्या टाकल्या, कार्बोरेटरचं किट बदललं. तेव्हापासून बरी आहे. महत्त्वाचं म्हणजे टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवायची नाही. थोडं टाका, फिरवा, पुन्हा टाका. गळती लागलेली पाइप दिसली तर ‘उद्या बघू’ नको, पेट्रोल आहे ते.

जीप_पाटण

महिंद्रा कमांडर. दुधाचे कॅन, गणपती, वऱ्हाड, एकदा म्हैससुद्धा. पावसात कोयनेच्या बाजूला जिथं नव्या एसयूव्ही लावून लोक फोटो काढतात, तिथून आमची पुढं जाते. अॅव्हरेज विचारू नये.

विट्याचा_पोरगा

सगळ्यांचं वाचून डोकं फिरलंय. बजेट साठ हजार, पहिलीच गाडी. रविवारी एक ८०० बघायला चाललोय. काय बघू?

फिटर_मिरज_रोड

भावा, सकाळी लवकर जा आणि येतोय म्हणून फोन करू नको. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय. बाहेर जाऊन नाष्टा कर, तासा-दोन तासांनी ये. गार इंजिनला पहिल्या सेल्फला काय होतं तेच खरं. निळा धूर म्हणजे ऑइल खातीय. ऑइलच्या टोपणाखाली ताकासारखं पांढरं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये जात असू शकतं, हेड गॅस्केटचं काम निघू शकतं. तिथून सरळ घरी यायचं. रेडिएटरमध्ये साधं पाणी आहे का कूलंट ते बघ, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप) काढलाय का विचार. आमच्यातलेच लोक ‘गरम व्हायचं टळतं’ म्हणून तो काढून टाकतात. मग इंजिन कधी नीट तापत नाही आणि पेट्रोल पितं. बसवायला फार पैसे पडत नाहीत, पण भाव पाडायला चांगलं कारण आहे.

पत्रा बघताना खालून बघ, वरून सगळ्याच छान दिसतात. आणि विकणारा सारखा टेपचा आवाज वाढवत असेल, तर बंद करायला लाव.