लग्नाच्या व्याख्येवरून सह्यांची मोहीम : ठराव, पत्रक आणि अर्ज यांचं नेमकं काय करायचं?

राजापूर_खाडी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आठवडी बाजारात सध्या दोन पत्रकं वाटली जातायत. एकात मागणी आहे की "विवाह हा जन्माने पुरुष आणि जन्माने स्त्री यांच्यातच, असं कायद्यात लिहा", आणि त्यासाठी गावोगाव ग्रामसभेत ठराव घ्या. दुसऱ्यात "विशेष विवाह कायद्यात सर्व जोडप्यांना जागा द्या" अशी मागणी आहे, म्हणजे समलिंगी जोडप्यांनाही. दोन्हींच्या मागे सह्यांचा तक्ता. पहिल्यावर एका इच्छुक उमेदवाराचा फोटो आहे आणि छापखान्याचं नाव कुठेच नाही. दुसऱ्याच्या तक्त्यात आधार क्रमांकाचा रकाना आहे.

बचत गटांच्या ग्रामसंघातल्या बायका विचारतायत, सही करायची का? कुठल्या बाजूने करायची ते ज्याचं त्याने ठरवावं. पण आज कायदा काय म्हणतो, ग्रामसभेच्या ठरावाला किती वजन आहे, कागद कुणाकडे दिला तर त्याची दखल घेतली जाते, आणि ही पत्रकं नियमात बसतात का, एवढं जाणकारांनी सांगावं.

---

दिवाणी_रत्नागिरी

आधी कायदा. लग्नाची सगळ्यांना लागू होणारी एकच व्याख्या आपल्याकडे नाही. हिंदू विवाह कायदा 1955, विशेष विवाह कायदा 1954, ख्रिश्चन विवाह कायदा 1872, पारशी विवाह व घटस्फोट कायदा 1936, आणि मुस्लिमांसाठी बराचसा असंहिताबद्ध, म्हणजे एकत्र कायद्यात न लिहिलेला, व्यक्तिगत कायदा. त्यामुळे "व्याख्या बदला" किंवा "व्याख्या लिहा" एवढंच म्हणणारं पत्रक नेमकं काय मागतंय ते कळत नाही. कुठल्या कायद्याचं कुठलं कलम, हे लिहिलेलं हवं.

हिंदू विवाह कायद्याचं कलम 5 "कोणत्याही दोन हिंदूंमध्ये" असं सुरू होतं, पण त्याच कलमात वराचं वय 21 आणि वधूचं 18 दिलंय. विशेष विवाह कायद्याचं कलम 4 "कोणत्याही दोन व्यक्ती" म्हणतं आणि पुढे वयाच्या अटीत पुरुष 21, स्त्री 18. दोन्ही बाजूंचे वक्ते यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग वाचून दाखवतात.

समलिंगी जोडप्यांना लग्न करता येईल का, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. लग्न करण्याचा सरसकट मूलभूत हक्क घटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालय स्वतः शब्द घालू शकत नाही, यावर पाचही जण एकमत. लग्नाऐवजी 'नागरी सहजीवना'ला मान्यता आणि दत्तक या मुद्द्यांवर 3 विरुद्ध 2 मतांनी नकार. फेरविचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे प्रश्न आता कायदेमंडळासमोर आहे आणि राजकीय मोहिमा निघाल्या त्या त्यामुळेच.

आता पहिल्या पत्रकातला "जन्माने" हा शब्द. त्याच निकालात एका गोष्टीवर पाचही न्यायाधीशांचं एकमत आहे: ट्रान्स व्यक्ती (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेली) भिन्नलिंगी नात्यात असेल तर तिला आजच्याच कायद्यांखाली लग्न करता येतं. मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्येच 'वधू' या शब्दात ट्रान्स स्त्री येते असं म्हटलं होतं. "जन्माने" लिहून मागणी मान्य झाली तर आज कायदेशीर असलेली लग्नं उद्या बेकायदेशीर ठरतील. वरवर "आहे तेच लिहा" असं वाटणारं हे पत्रक आहे तो हक्क काढून घेतंय. सही करणाऱ्या प्रत्येक बाईला हे सांगायलाच हवं.

दुसऱ्या पत्रकातही उणीव आहे. फक्त कलम 4 बदलून भागत नाही. त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत निषिद्ध नात्यांच्या दोन याद्या आहेत, पुरुषासाठी 37 नाती आणि स्त्रीसाठी 37. घटस्फोटाच्या कलम 27 मध्ये काही कारणं फक्त पत्नीला आहेत. कलम 36 आणि 37 मधली पोटगी पत्नीसाठी आहे. वारसाहक्क कलम 21 आणि 21अ मधून दुसऱ्या कायद्यांत जातो. न्यायालयाने हात आखडता घेतला तो याच गुंत्यामुळे. मी स्वतः बदलाच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच म्हणतो की मागणीत ही सगळी कलमं लिहा. नाहीतर आमदार-खासदार "बघू" म्हणून कागद बाजूला ठेवतील आणि त्यांना पुढे काही विचारताही येणार नाही.

---

पंचायत_कारभार

ठरावापुरतं बोलतो. माझं मत दिवाणी साहेबांच्या उलट आहे, व्याख्या पुरुष आणि स्त्री अशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. तरीही ग्रामसभेचा ठराव हा यासाठी चुकीचा रस्ता आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 खाली ग्रामसभेला लग्नाच्या कायद्याबद्दल कोणताही अधिकार नाही. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. ती भरली, ठराव सर्वानुमते झाला, तरी त्याची किंमत शिफारशीइतकीच. शासनाला विनंती म्हणून पाठवा, त्याला हरकत नाही. गडबड होते ती पुढच्या वाक्यात. अशा ठरावांना शेवटी हमखास एक ओळ जोडली जाते: "याविरुद्ध वागणाऱ्या कुटुंबाशी गावाने व्यवहार ठेवू नये", किंवा पालखी, मानपान, विहीर यांतून वगळावं. रायगड-रत्नागिरीत गावकीने वाळीत टाकण्याचे प्रकार किती झाले ते आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा 2016 चा आहे, जुलै 2017 पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या बैठकीत तसा निर्णय झाला तिथे बाजूने मत देणाराही अडकतो. इतिवृत्तावर सही करण्याआधी ठराव शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

आणखी एक गैरसमज. गावात विवाह नोंदणी ग्रामसेवक करतो (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), ती 1998 च्या राज्य कायद्याखाली. झालेल्या लग्नाची ती नोंद असते. तो लग्न लावत नाही. त्यामुळे "आमच्या गावात अमुक प्रकारचं लग्न नोंदवणार नाही" किंवा "आईवडिलांची संमती लागेल" असा ठराव त्याला बांधील नाही, आणि त्याने तो पाळला तर तोच अडचणीत येतो. विशेष विवाह कायद्याखालचं लग्न जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यासमोर होतं: दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य, मग नोटीस, 30 दिवस हरकतीची मुदत, मग तीन साक्षीदार. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते.

---

सावंतवाडी_सीमा

कुणाकडे मागायचं याबद्दल. विवाह हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, नोंद 5. म्हणून संसद आणि विधानसभा दोन्ही कायदा करू शकतात. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद 254(2) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. उत्तराखंडने समान नागरी संहितेत हाच मार्ग घेतला: फेब्रुवारी 2024 मध्ये विधेयक मंजूर, 27 जानेवारी 2025 पासून लागू, आणि त्यात विवाह पुरुष व स्त्री यांच्यातला असं स्पष्ट आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपरिषद यांचा इथे काहीही संबंध नाही. त्या निवडणुकीचा उमेदवार "मला निवडून द्या, मी व्याख्या बदलतो" म्हणत असेल तर त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीवर तो मत मागतोय.

आमच्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात गोव्याचं उदाहरण सभेत हमखास येतं. गोव्यात 1910 च्या पोर्तुगीज विवाह कायद्यात लग्न हा "भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधला करार" असं लिहिलेलं आहे आणि नोंदणी दोन टप्प्यांत होते. महाराष्ट्रात राहणाऱ्याला तो लागू नाही. गोव्याचं नाव घेऊन "आपल्याकडेही आहेच" म्हणणाऱ्याला इथेच थांबवा.

संसदेत खासदार अशासकीय विधेयक मांडू शकतो. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल 2022 मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं असं विधेयक लोकसभेत मांडलं होतं. 1970 नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेलं नाही आणि लोकसभा विसर्जित झाली की प्रलंबित विधेयकं रद्द होतात. तरी मसुदा सभागृहाच्या नोंदीत राहतो, पुढच्याला त्यावरून काम करता येतं. दुसरं दार याचिकेचं आहे आणि ते लोक विसरतात. लोकसभेच्या याचिका समितीकडे खासदाराच्या प्रतिस्वाक्षरीने याचिका जाते. विधानसभेत विनंती अर्ज समिती आहे. लोकसभेची याचिका हिंदी किंवा इंग्रजीत हवी. मराठीत असेल तर सोबत भाषांतर जोडून त्यावरही सही. प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो, लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो. सह्या एकाहून जास्त पानांवर असतील तर मागणी प्रत्येक पानाच्या डोक्यावर पुन्हा लिहावी लागते. बाजारात फिरणारे तक्ते इथेच बाद होतात: मागणी पुढच्या बाजूला आणि मागे नुसत्या रेघा. शिवाय असं सुटं पान उद्या कुठल्याही मागणीला टाचता येतं, हा सही करणाऱ्याचाच धोका आहे.

आधार क्रमांक कुठल्याच याचिकेला लागत नाही. तो रकाना सरळ खोडून मग सही करा, किंवा करू नका. मोबाइल नंबर दिलात की प्रचाराचे मेसेज सुरू होतात, तेही लक्षात ठेवा.

---

छपाई_चिपळूण

पत्रकाचा भाग राहिला. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 127क: निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता पाहिजेच. प्रकाशकाने सही केलेलं घोषणापत्र, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनासह, दोन प्रतींत छापखान्याला द्यायचं. छापखान्याने त्याची एक प्रत पत्रकासोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे तीन दिवसांत, छापील प्रतींची संख्या आणि आकारलेली रक्कम यांसह. भंग केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मात्र हे लागू होतं उमेदवाराला किंवा उमेदवारांच्या गटाला फायदा वा तोटा व्हावा म्हणून वाटलेल्या मजकुराला. नुसती मागणी असेल तर ते निवडणूक पत्रक नव्हे. तुमच्या पहिल्या पत्रकावर इच्छुकाचा फोटो आहे. तो उमेदवार झाला आणि तेच पत्रक वाटत राहिला तर मामला बदलतो. हे कलम लोकसभा-विधानसभेचं. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशांवर चालतात, तेव्हा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून सूचना लेखी घ्या. छापखानेवाल्यांनाही विनंती, "फोटोच तर आहे" म्हणून नावाशिवाय काम घेऊ नका. गिऱ्हाईक निघून जातं, नोटीस आपल्याला येते.

आणि मजकूर. "विशेष विवाह कायद्यात अशी दुरुस्ती करू" हे धोरण झालं, ते कुणीही मांडू शकतो. "आपल्या धर्मातलं लग्न वाचवण्यासाठी यालाच मत द्या" हे कलम 123(3) खाली भ्रष्ट आचरण होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये, 4 विरुद्ध 3, सांगितलं की उमेदवाराच्या धर्माइतकंच मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेलं आवाहनही त्यात येतं. त्यासाठी निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, निकालापासून 45 दिवसांत. पत्रकाची मूळ प्रत जपून ठेवा, कुठे आणि कोणत्या तारखेला मिळाली ते मागे लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोपेक्षा मूळ कागदाला जास्त किंमत असते.

---

राजापूर_खाडी

सगळ्यांचे आभार. तक्ते परत देतोय, मागणी प्रत्येक पानावर घालून आणा असं सांगून. एकच राहिलं. आमच्या पंचक्रोशीत दोन बायका बरीच वर्षं एकत्र संसार करतायत. कायदा कधी होईल तो होवो, आज त्यांना काय करता येईल?

---

दिवाणी_रत्नागिरी

ताई असोत वा दादा, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. पत्रकांच्या गदारोळात ही माणसंच विसरली जातात.

2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला बंदी नाही, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले धरावं. बँकेत किंवा पुरवठा कार्यालयात तोंडी नकार मिळाला तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

जमिनीचं जास्त महत्त्वाचं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात लग्नाशिवायच्या जोडीदाराला वाटा नाही. नामनिर्देशन केलं म्हणून मालकी मिळत नाही. पैसे किंवा मालमत्ता शेवटी वारसांकडे जाते. म्हणून दोघींनी स्वतंत्र मृत्युपत्रं करावीत. कोकणात सातबारा बहुतेक सामायिक असतो, पण एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्सासुद्धा कलम 30 प्रमाणे मृत्युपत्राने देता येतो. मुद्रांक शुल्क लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे अशांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. भाऊबंदांनी पुढे हरकत घेतली तर उपयोगी पडते. मृत्युपत्रात गट नंबर, हिस्सा, घराचा ग्रामपंचायत मिळकत क्रमांक आणि आंब्याच्या कलमांची (झाडांची) संख्या लिहा. नुसतं "आंब्याची बाग" लिहिलं तर मंडळ अधिकाऱ्याकडे फेरफार अडतो.