मदत हवी आहे: सहा वर्षांच्या लेकीसाठी पहिलं युकुलेले

नमस्कार मंडळी. लेकीला युकुलेले शिकायचंय. गिटार तिच्या हाताला मोठी पडते आणि स्टीलच्या तारा बोटांना रुततात. युकुलेलेला चारच तारा, त्याही नायलॉनच्या, म्हणून मलाही पटलं. बजेट दोन-अडीच हजार.

साइझ सोप्रानो, म्हणजे साधारण २१ इंची, घ्यावी असं मनात आहे. २३ इंची कॉन्सर्ट पुढेही कामी येईल हे खरं, पण आज तिची बोटं फ्रेटपर्यंत (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत) नीट पोचायला हवीत. कार्टूनवाली प्लास्टिकची खेळणी मात्र अजिबात नकोत. त्यांच्या खुंट्या सरकतात, सूर टिकत नाही, आणि सुरुवातीलाच पोर बेसुराला सरावावं हे मला बिलकुल मान्य नाही.

खरी काळजी आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा एकदम कोरडी, आणि मग लगेच पावसाळ्याची ओल. सलग लाकडाचं वाद्य अशात तडकू शकतं, म्हणून लॅमिनेटचं, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं, घ्यावं म्हणते. नागपुरात ज्यांच्याकडे दोन-तीन उन्हाळे टिकलंय त्यांनी सांगा, कूलरच्या खोलीत ठेवता की खोक्यात बंद?

आणि बर्डी, सदर किंवा धरमपेठेत असं दुकान आहे का, जिथे वाजवून बघू देतात? मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर एका सप्तकाच्या फरकाने जुळतो का, हे मला ट्यूनर लावून तपासायचंय. ऑनलाइन मागवलं तर ते जमत नाही. लहान मुलांना प्रेमाने शिकवणारे कुणी शिक्षक माहीत असतील तर तेही कळवा.